पिंडीशेजारी दौतही ठेवा

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील अहिल्याबाई होळकर जयंती-पुण्यतिथी उत्सव समित्यांचे पदाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

गंगापूर धरणातून पाणी सोडले की आपल्या शहराचे डोळे दोन खुणांकडे लागतात. एक दुतोंड्या मारुती आणि दुसरा होळकर पूल. पुलाखालून किती क्युसेक पाणी चालले आहे, हे त्या दिवसांत भाजीबाजारातही ठाऊक असते. इंग्रजी अमदानीत हाच पूल व्हिक्टोरिया राणीच्या नावाने ओळखला जाई. पुढे तिचे नाव उतरवून अहिल्यादेवी होळकरांचे देण्यात आले, आणि ते योग्यच झाले. मात्र ज्या बाईंचे नाव आपण रोज इतक्या वेळा उच्चारतो, त्यांनी अठ्ठावीस वर्षे नेमके काय केले, असे त्याच पुलावर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारले, तर दहाही जण ‘देवळे आणि घाट बांधले’ एवढेच सांगतील. त्यांना असे उत्तर शिकवणाऱ्यांत मीही आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी या जिल्ह्यात एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्यांतली निम्मी वर्षे वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून खुर्चीत बसलो. ३१ मेची जयंती सुट्टीत येते, त्यामुळे शाळांमधले कार्यक्रम बहुधा १३ ऑगस्टच्या पुण्यतिथीला धरून होतात. व्यासपीठावर तीच तसबीर असते: पांढरे पातळ, डोक्यावर पदर, तळहातावर महादेवाची पिंड. तिला हार घातला जातो आणि मग चौथीपासून दहावीपर्यंतची मुले एकामागून एक येऊन तीच पाच मिनिटे बोलून जातात. ‘पुण्यश्लोक’, ‘लोकमाता’, ‘साध्वी’, ‘त्यागमूर्ती’ हे शब्द, काशी ते रामेश्वर अशी यादी, आणि शेवटी आवाज चढवून सांगितलेली वासराची गोष्ट. मालेरावांच्या रथाखाली वासरू चिरडले, गाय रस्त्यात बसून राहिली आणि मातेने पोटच्या मुलाला त्याच रथाखाली देण्याचा हुकूम दिला, ही ती गोष्ट. या गोष्टीला हमखास टाळ्या पडतात. मी स्वतः तिला कित्येकदा पहिला क्रमांक दिला आहे.

ही गोष्ट खरी नाही. मल्हारराव होळकर २० मे १७६६ रोजी वारले, त्यांच्यामागे नातू मालेराव गादीवर आले आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १७६७ मध्ये, आजारपणात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मनाचा तोल ढळला होता आणि मुलाच्या उशाशी बसलेल्या आईने काय काय सोसले, याच्या हकिकती उपलब्ध आहेत. आईनेच मुलाला संपवले असा प्रवाद मागाहून उठला, तेव्हा माळव्यात आलेल्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची चौकशी केली आणि तो निराधार असल्याचे लिहून ठेवले. वासराची कथा तर तमिळ मुलुखात मनुनीती चोळ या राजाविषयी पूर्वापार सांगतात. तिथे गाय न्यायाची घंटा ओढते, एवढाच फरक. न्यायी राजाला अशी एक कथा चिकटतेच, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या बाईने एकुलता एक मुलगा डोळ्यांदेखत गमावला, तिच्यावर आपण दर वर्षी व्यासपीठावरून पुत्रहत्येचा आरोप करतो आणि त्याला गौरव म्हणतो, हे मला आता सहन होत नाही.

मुद्दा एका गोष्टीपुरता नाही. अहिल्याबाई राज्यकर्त्या होत्या, आणि ‘पुण्यश्लोक’ या एका शब्दाने त्यांच्यातली राज्यकर्ती झाकून टाकली आहे, असे माझे म्हणणे आहे. ही खोड आपल्याकडे फार जुनी आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा लेख तिचा नातू पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी कोरला गेला. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या वाट्याला त्यात शक-यवन-पल्हवांचा संहार आला आहे, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला सत्यवचन, दान, क्षमा, अहिंसा, तप आणि उपवास. लेणे देणारी ती, पण पराक्रम मुलाचा. राजघराण्यातल्या स्त्रीची स्तुती कोणत्या शब्दांनी करायची हे ठरून गेलेले होते, आणि अठराशे वर्षांनंतर आमच्या शाळांतली मुले थोड्याफार फरकाने तेच शब्द वापरत आहेत.

आता १७६७ साली काय घडले ते पाहा, कारण त्याचे धागे थेट आपल्या जिल्ह्यात येतात. मालेराव गेल्यावर होळकरांचा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड, म्हणजे गंगोबातात्या, याने सुचवले की एखादा लहान मुलगा दत्तक घ्यावा, बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करावा आणि कारभार त्याने पाहावा. अहिल्याबाईंचे उत्तर कायद्याचे होते. मी एका वारसाची पत्नी आणि दुसऱ्याची आई आहे, तेव्हा पुढचा वारस ठरवण्याचा अधिकार माझा, दिवाणाचा नव्हे. गंगोबातात्याने मग माधवराव पेशव्यांचे चुलते राघोबादादा यांना बोलावले आणि दादासाहेब फौज घेऊन माळव्यात उतरले.

या प्रसंगाचे आपल्याकडे फक्त एक वाक्य सांगतात, की बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. ते वाक्य परंपरेने आलेले आहे आणि झकास आहे. पण निव्वळ वाक्याने राजकारणात मुरलेला माणूस मागे फिरत नसतो. वाक्य पाठवण्याआधी बाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले अशा सरदारांकडे पत्रे रवाना केली होती. पुण्यात माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली होती. चुलत्याशी माधवरावांचे बरे नव्हते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तुकोजी होळकरांच्या हाताखाली फौज तयार ठेवली होती आणि स्वतःच्या हत्तीच्या हौद्याला चारी कोपऱ्यांत धनुष्ये व भाते बांधून घेतले होते. माधवरावांनी दादासाहेबांना आवरते घेण्यास कळवले आणि ‘आम्ही तर समाचाराला आलो होतो’ अशी सारवासारव करून प्रकरण मिटले. वर्षभराच्या आत सासरे, मुलगा अशा घरातल्या सगळ्या आधारांशिवाय उभ्या राहिलेल्या बाईने कोणाला केव्हा लिहायचे, कोणाचे कोणाशी वाकडे आहे आणि फौज किती दाखवायची, याचा हिशेब बिनचूक मांडला. मुलांनी धैर्य म्हणून शिकायचे ते हे आहे, आणि ते तलवार उपसण्याहून अवघड आहे.

हेच राघोबादादा आपल्या आनंदवल्लीचे. गंगापूर रस्त्यावरून नवश्या गणपतीला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे, पण पुण्याशी बिनसले की दादासाहेबांचा मुक्काम तिथे असे. पुढच्याच वर्षी, १० जून १७६८ रोजी, माधवरावांनी त्यांचा पराभव केला तो चांदवड तालुक्यातल्या धोडपला, आणि त्या बंडात गंगोबातात्या दादासाहेबांच्याच बाजूला होता. म्हणजे अहिल्याबाईंनी एक वर्ष आधी ज्या दोन माणसांचा डाव ओळखला, तो डाव पुरता उधळला गेला ती जागा वडाळीभोईजवळून महामार्गाने जाताना डोंगरधारेतल्या त्या चौकोनी खाचेवरून आपण रोज ओळखतो. आपल्या किती शाळांच्या सहली धोडपला जातात आणि तिथे अहिल्याबाईंचे नाव किती वेळा निघते? माझ्या अनुभवात एकदाही नाही.

दान आणि देवळे यांच्याविषयी बोलायचेच, तर नीट बोलावे. काशी विश्वनाथाचे देऊळ १७८०च्या सुमारास त्यांनी उभे केले, सोमनाथला नवे मंदिर बांधले, गयेचे विष्णुपद बांधले, हे सगळे खरेच आहे. परंतु त्याला पैसा कोठून आला, हा प्रश्न मी पंधरा वर्षांत एकाही स्पर्धकाच्या तोंडून ऐकला नाही. पहिल्या बाजीरावांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना वेगळे उत्पन्न तोडून दिले, ती होळकरांची ‘खासगी’. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. गौतमाबाईंच्या मागे खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि त्यांचा दानधर्म मुख्यतः या खासगीतून चाले. राजाची इच्छा आणि राज्याची तिजोरी यांच्यामध्ये अशी भिंत ठेवणे त्या काळात कोणाला सुचत होते? मला तर काशीच्या कळसापेक्षा ही भिंत मोठी वाटते. देऊळ पाहून मुले हात जोडतात, हिशेबाची वही दाखवली तर प्रश्न विचारतील.

त्यांचा दिवस कसा जाई, याची माहिती माल्कमने त्यांच्या कारकिर्दीतल्या माणसांकडून मिळवून लिहिली आहे. पहाटे उठून स्नानसंध्या, पुराणश्रवण, अन्नदान. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात, तिथे सहापर्यंत काम. पूजा आणि फराळ आटोपून रात्री नऊ ते अकरा पुन्हा काम. आपल्या भाषणांत या दिनक्रमातली सकाळ असते, दुपार आणि रात्र गळून जाते. त्या सहा तासांत महेश्वरच्या वाड्यात काय होत होते, तर रयतेच्या तक्रारी, वतनदारांचे तंटे, वसुलीचे आकडे, पुण्याहून आलेली पत्रे. सारा माफक ठेवायचा आणि गावच्या वतनदारांच्या जुन्या हक्कांना हात लावायचा नाही, हे त्यांचे सूत्र होते. माणसेही त्या उगाच बदलत नसत. इंदूरचा कमाविसदार, म्हणजे वसुलीचा अधिकारी, वीस वर्षांहून अधिक काळ एकच होता. (बदल्यांच्या मोसमात हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना थोडा हेवा वाटेल.)

एक उदाहरण मुद्दाम देतो. इंदुरात एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकर फौजेसह जवळच तळ देऊन होते आणि कोणीतरी कान भरल्यामुळे त्या इस्टेटीतला वाटा त्यांना हवासा वाटू लागला. सावकाराची विधवा धावत महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले, वस्त्रे देऊन घरादाराची मालकीण म्हणून तिला कायम केले आणि तुकोजींना हुकूम पाठवला की तळ इंदूरपासून हलवावा आणि शहराला जाच करू नये. तुकोजी म्हणजे कोणी हवालदार नव्हता, होळकरांची सारी फौज त्याच्या हाताखाली होती. वयाने साधारण बरोबरीचा असून तो बाईंना मातोश्री म्हणत असे, आणि त्याने तळ हलवला.

भिलांच्या बाबतीत त्यांनी जे केले ते आपल्या जिल्ह्याला विशेष जवळचे आहे, कारण सुरगाणा-पेठपासून सातमाळ्यापर्यंतच्या घाटवाटा आपल्या परिचयाच्या आहेत. माळवा-निमाडच्या डोंगरांत व्यापाऱ्यांचे तांडे लुटले जात. बाईंनी आधी फौज पाठवली, म्होरक्यांना कडक शिक्षा केल्या आणि मग समजुतीची बाजू घेतली. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी कवडी घेण्याचा भिलांचा जुना हक्क मान्य केला, तिलाच भिलकवडी म्हणत. बदल्यात आपल्या हद्दीतल्या वाटेची राखण त्यांनी करायची आणि चोरी झाली तर माल भरून द्यायचा, असे ठरले. पडीक जमीन कसायला दिली. वाट मारणाऱ्यालाच वाटेचा राखणदार करण्याची ही युक्ती आहे आणि तिच्यात दया किती, धोरण किती, हे वेगळे काढता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेत (तिचे नाव इथे घेण्याचे कारण नाही) आठवीतल्या एका मुलीने पाचच्या पाच मिनिटे फक्त भिलकवडीवर भाषण केले. हातवारे नाहीत, आवाजाचा चढउतार नाही, शेवटी घोषणा नाही. तिच्या घरी कोणीतरी वनखात्यात होते आणि ‘वाटेचा हक्क’ म्हणजे काय ते तिला आतून कळलेले होते. आम्ही तिघे परीक्षक होतो. एकाने कागदावर ‘विषयांतर’ असे लिहिले, दुसऱ्याने ‘भावना कमी’. मी काही लिहिले नाही, पण बेरजेवर सही केली. त्या दिवशी पहिला क्रमांक वासराला गेला. कार्यक्रमानंतर ती मुलगी माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “सर, विषय ‘अहिल्याबाई’ होता ना? मग मी दुसऱ्या कोणाविषयी बोलले का?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ते उत्तर अजून मला टोचते.

राज्यकर्ती म्हणून त्यांचा विचार करायचा, तर जे गोड नाही तेही सांगावे लागेल. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी उठाव केला तेव्हा बाईंनी तो निष्ठुरपणे मोडला, आणि त्यांच्या एका म्होरक्याला तोफेच्या तोंडी देण्यात आले. खजिना महेश्वरात आणि फौज तुकोजींकडे, या विभागणीमुळे पैशांवरून दोघांत वर्षानुवर्षे कुरबुर चाले. उत्तरेत मोहिमेवर असलेले तुकोजी पैसे मागत आणि बाई आधीचा हिशेब मागत. त्यांच्या हयातीतच, १७९३ साली, लाखेरीला होळकरांच्या कवायती पलटणींचा शिंद्यांच्या फौजेने धुव्वा उडवला. इतकी चोख व्यवस्था त्यांच्यामागे फार काळ टिकली नाही, हेही दहावीच्या मुलाला कळायला हवे. मुले काही एवढी नाजूक नसतात.

मुक्ताबाईंची हकिकत मात्र सांगताना माझाही आवाज ठीक राहत नाही. खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले, तेव्हा सती जाण्यास निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी विनवून मागे वळवले. सदतीस वर्षांनी, १७९१ साली, जावई यशवंतराव फणसे वारले. नातू आधीच गेला होता. मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली तेव्हा आईने पदर पसरला, राज्यकर्ती म्हणून बजावले, आई म्हणून रडून सांगितले, पण ती ऐकेना. बाई नर्मदेच्या काठी उभ्या राहिल्या. चिता पेटली तेव्हा दोन जणांनी त्यांना धरून ठेवले होते. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. त्यानंतरही चार वर्षे त्यांनी दरबार चालवला. आमच्या स्पर्धांत हा प्रसंग येत नाही, कारण त्यात कोणाला जिंकवावे ते कळत नाही.

त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणणाऱ्या एका ब्राह्मणाची गोष्ट माल्कमने दिली आहे. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नंतर नर्मदेत टाकायला सांगितला. माझ्यापुरते मी ते माझ्या जुन्या गुणपत्रकांना लागू केले आहे.

आपणांकडे माझी मागणी फार मोठी नाही. स्पर्धेचे विषय ‘लोकमाता अहिल्याबाई’ असे ठेवण्याऐवजी ‘१७६७ सालची पत्रे’, ‘खासगी आणि दौलत’, ‘भिलकवडी’, ‘तुकोजी आणि अहिल्याबाई’ असे ठेवावेत. गुणपत्रकातला ‘अभिनय व हावभाव’ हा रकाना काढून तिथे ‘हे कशावरून म्हणता?’ असा रकाना घालावा. महेश्वर दरबारातून पुण्याला गेलेली बातमीपत्रे छापलेली आहेत, त्यांतले एखादे पान वर्गात मोठ्याने वाचावे. भाषा थोडी अडेल, पण बखरीइतकी नाही. सहल शिर्डीला न्यायची ती न्या, पण एक दिवस चांदवडला उतरा. आग्रा रस्त्यावर सुमारे ६५ किलोमीटरवर होळकरांचा जो वाडा आहे, ज्याला तिकडे रंगमहाल म्हणतात, तो मुलांनी आतून पाहावा. दख्खनेतून माळव्यात जाणाऱ्या या रस्त्यावर होळकरांना चांदवड का हवे होते, तिथे त्यांची टांकसाळ का होती, हे नकाशा समोर ठेवून विचारावे. लाकडी खांबांवरचे कोरीव काम पाहून झाले की मुलांना सदरेवर बसवून एखादा खोटा का होईना तंटा निवाड्याला द्यावा: निपुत्रिक सावकार, त्याची विधवा आणि गावाबाहेर तळ दिलेली फौज.

तसबिरीतल्या पिंडीला माझा विरोध नाही, याचा कृपया विपर्यास होऊ नये. बाईंची भक्ती खरी होती, आणि तिच्यात राजकारणही होते: हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ लिहिणाऱ्या बाईने राज्य देवाचे ठरवले, म्हणजे ते ना तुकोजींचे राहिले, ना पुण्याहून येणाऱ्या कोणा दादासाहेबांचे. त्या पिंडीशेजारी एक दौत, एक लेखणी आणि हिशेबाची एक वही मांडावी, एवढेच सुचवतो.

येत्या १३ ऑगस्टला परीक्षक म्हणून ज्यांना माझी आठवण होईल, त्यांनी गुणपत्रकाचा नमुना आधी पाठवावा. ‘हावभाव’ असेल तर मी येणार नाही. चांदवडला किंवा धोडपला वर्ग न्यायचा असेल, तर मात्र पावसाळा सरल्यावरच्या कोणत्याही रविवारी सकाळी साडेसहाला मी बसस्थानकावर हजर असेन. मानधन नको, डबा माझा मी आणीन. आणि भिलकवडीवर बोललेली ती मुलगी आता अकरावीत असेल. ती ज्यांच्या संस्थेत असेल, त्यांनी यंदा तिला परीक्षकांच्या खुर्चीत बसवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक
पंचवटी, नाशिक